केडगावचा विवेक, खंडाळ्याची झाडे, वसईचे पाणी

इच्छामरण, टेस्ट ट्यूब बाळ किंवा कृत्रिम बुद्धिमत्ता यांपैकी कोणताही विषय निघाला की ‘ख्रिस्ती भूमिका’ म्हणून पोपचे वक्तव्य छापले जाते आणि चर्चा तिथेच मिटते. या प्रश्नांशी महाराष्ट्र-गोव्यातले ख्रिस्ती लेखक, चित्रकार, धर्मगुरू आपापल्या परीने झगडत आले, हे मात्र त्यांच्या समाजाबाहेर फारसे कोणाला ठाऊक नसते. हा विचार रोमच्या हुकमाबरहुकूम चालला, ही समजूत तर अगदीच चुकीची आहे. त्यातला टिकाऊ भाग इथल्या प्रश्नांतून आणि पुष्कळदा वरिष्ठांशी वाद घालून घडला.

सुरुवात पंडिता रमाबाईंपासून करावी. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण तिथल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात शिष्येची नम्रता शोधणाऱ्याची निराशाच होईल. बायबल स्वतः वाचायचे आणि विवेकाला पटेल तेच मानायचे, हा रमाबाईंचा बाणा होता. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळात उघड्यावर पडलेल्या मुलींना त्यांनी आसरा दिला, शिकवले, छापखान्याचे काम दिले. हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतरही त्यांनी केले. त्याआधी १८५७ साली बाबा पदमनजींनी ‘यमुनापर्यटन’ कादंबरीत विधवांची दुःस्थिती मांडली होती. मराठी ख्रिस्ती नीतिविचाराचा आरंभ असा बाईच्या जगण्यापासून झाला.

आजचे नैतिक पेच दवाखान्यात उभे राहतात. अरुणा शानबाग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली काही अटींवर निष्क्रिय इच्छामरणाला, म्हणजे उपचार थांबवून मृत्यू येऊ देण्याला, मान्यता दिली. कॅथलिक चर्च जीव मुद्दाम संपवण्याच्या विरोधात आहे. पण निष्फळ आणि रुग्णाला असह्य होणारे उपचार नाकारता येतात, असे व्हॅटिकनने १९८० सालीच म्हटले होते. खरा मतभेद नळीवाटे दिलेल्या अन्नपाण्यावर आहे. चर्च त्याला उपचार न मानता शुश्रूषा मानते, म्हणून ते सहसा थांबवू देत नाही. शानबाग यांची शुश्रूषा करणाऱ्या मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिकांनी त्यांचे अन्न थांबवायला विरोध केला, तेव्हा कोणत्याही धर्मग्रंथाचा आधार न घेता त्यांनी जवळपास हीच बाजू घेतली होती. कृत्रिम गर्भधारणेबाबत मात्र ख्रिस्ती जगातच एकमत नाही. १९८७ साली व्हॅटिकनने ती अमान्य ठरवली, तर अनेक प्रोटेस्टंट चर्चना ती मान्य आहे. ‘ख्रिस्ती भूमिका’ असे एकवचन वापरताना म्हणूनच जपावे.

विज्ञानाचा विषय निघाला की गॅलिलिओ आठवतो, आणि ते योग्यच आहे. १६३३ची शिक्षा चुकीची होती हे मोकळेपणाने मान्य करायला चर्चला १९९२ साल उजाडले. पण आनुवंशिकतेचे नियम शोधणारा मेंडेल मठवासी होता आणि विश्वाच्या स्फोटक आरंभाची कल्पना मांडणारा लमेत्र धर्मगुरू होता, हेही तितकेच खरे. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातले ब्लॅटर हर्बेरियम एथेलबर्ट ब्लॅटर या जेझुइट धर्मगुरूंच्या नावाने ओळखले जाते. त्याच कॉलेजातले फादर सांतापाव खंडाळ्याच्या डोंगरात हिंडले आणि तिथल्या वनस्पतींची त्यांनी शास्त्रीय नोंद केली. १९५३ साली ती ग्रंथरूपाने आली, पुढे त्यांना पद्मश्रीही मिळाली. उणीव एवढीच की हे काम इंग्रजीत राहिले. निसर्गाकडे श्रद्धेने आणि शास्त्राने एकत्र कसे पाहावे, हे मराठीत सांगायचे राहून गेले.

कलेत श्रद्धा आणि मराठी यांच्यातले हे अंतर फार पूर्वीच मिटले होते. फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली आले तेच ओव्यांतून. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंग आणि कीर्तनाची वाट धरली आणि आपण तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो असे मानले. चित्रकार आंजेलो द फोन्सेका यांना मात्र अशा देशी वाटेची किंमत मोजावी लागली. शांतिनिकेतनात शिकून आलेल्या या गोवेकराने मरियेला साडी नेसवली आणि गोव्यातले चर्च बिथरले. शेवटी पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमाने त्यांना थारा दिला. आज त्यांची चित्रे पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात मानाने जपली आहेत.

पर्यावरणात तर वसई रोमच्या पुढे होती. बिल्डरांचे अतिक्रमण आणि टँकरसाठी होणारा भूजलाचा उपसा यांविरुद्ध १९८०च्या दशकाच्या अखेरीस हरित वसई चळवळ उभी राहिली. तिचे अग्रणी होते ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक फादर फ्रान्सिस दिब्रिटो. पोप फ्रान्सिस यांचे पर्यावरणावरचे परिपत्रक, ‘लाउदातो सी’, आले ते २०१५ साली. ‘सुबोध बायबल’ लिहिणारे दिब्रिटो २०२०च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा त्यांच्या धर्मगुरुपदावरून गदारोळ झाला. त्या गदारोळात त्यांचे पाण्यासाठीचे भांडण कोणाला आठवले नाही.

सगळ्यांत अवघड जागा जातीची आहे. १९५०च्या राष्ट्रपती आदेशानुसार मिळणाऱ्या अनुसूचित जातींच्या सवलती १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध दलितांना लागू झाल्या. ख्रिस्ती दलित आजही बाहेर आहेत. पण सरकारकडे बोट दाखवणाऱ्या चर्चच्या अंगणातही जात नांदते. ख्रिस्ती धर्मशास्त्रज्ञ अरविंद निर्मल यांनी १९८०च्या दशकात दलित ईशशास्त्र मांडले ते या दुहेरी अन्यायाविरुद्ध. त्यावरची चर्चा धर्मशास्त्राच्या विद्यालयांत झाली; रविवारच्या प्रवचनापर्यंत ती फारशी पोहोचली नाही.

जानेवारी २०२५मध्ये व्हॅटिकनने कृत्रिम बुद्धिमत्तेवर सविस्तर टिपण प्रसिद्ध केले. त्याचे भाषांतर करून भागणार नाही. यंत्रामुळे कोणाची नोकरी जाईल, कोणाच्या जातीधर्माचा शिक्का संगणकाच्या निर्णयात उमटेल, हे इथल्या अनुभवातून विचारावे लागेल. मराठी ख्रिस्ती नियतकालिकांनी ते काम हाती घ्यावे आणि बाकीच्या मराठी वाचकांनी ती नियतकालिके विकत घेऊन वाचावीत.