अब्बांची येझदी दुरुस्त करताना

अंगणात ताडपत्रीखाली मरहूम अब्बांची येझदी उभी आहे? म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून या गाड्या १९९६ पर्यंत निघत. किकचा दांडाच फिरवून गिअरसाठी वापरायचा, ही त्यांची खूण. साधे टू-स्ट्रोक इंजिन घरी शिकत शिकत दुरुस्त करता येते.

पण पाना हाती घेण्याआधी आरसी काढा. गाडी हाही वारसा आहे. त्यात अम्मी आणि बहिणींचाही हिस्सा आहे. सर्वांच्या संमतीने नाव बदला. नोंदणीला १५ वर्षे झाली असतील तर आरटीओत नूतनीकरण करून घ्या.

मग टाकीतला गंज काढा, कार्बोरेटर साफ करा. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायला विसरलात तर पिस्टन जाम होईल. खुलताबादहून दौलताबादचा घाट उतरायचा आहे, म्हणून रंगाआधी ब्रेकवर खर्च करा.