पोटाला मानवणारे पाणी

वैद्यकात 'बायोकम्पॅटिबिलिटी' असा एक शब्द आहे. मराठीत त्याला जैवसुसंगतता म्हणतात. माझ्या मते आपल्या घरातला शब्द त्याहून नेमका आहे : मानवणे. कुणाला दूध मानवत नाही, कुणाला घाटावरची हवा मानवत नाही. मूत्रपिंडे निकामी झालेल्या माणसाच्या पोटात दिवसाला आठेक लिटर द्रव सोडावा लागतो, तोही वर्षानुवर्षे. तो पोटाला मानवतो का, एवढाच या लेखाचा प्रश्न आहे. मी डॉक्टर नाही. प्रसिद्ध झालेले शोधनिबंध वाचून जे समजले ते मांडतो आहे. उपचारांचा निर्णय ज्याने त्याने आपल्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा.

डायलिसिस म्हटले की यंत्र, सुया आणि आठवड्यातून दोन-तीन खेपा डोळ्यांसमोर येतात. दुसरा प्रकार घरी करायचा असतो. पोटातल्या अवयवांवर आणि पोटाच्या भिंतीला आतून एक पातळ अस्तर असते, पेरिटोनियम किंवा उदरावरण. पसरले तर त्याचे क्षेत्रफळ एक ते दोन चौरस मीटर भरेल. पोटात कायमची बसवलेली मऊ नळी असते. तिच्यातून दोन लिटर द्रव आत सोडायचा, चार-सहा तास ठेवायचा, काढून टाकायचा आणि नवा भरायचा. अस्तरातल्या केशवाहिन्यांमधून युरिया, क्रिएटिनिन वगैरे त्या द्रवात उतरतात. हेन्री टेंकॉफ यांनी १९६८ मध्ये या नळीचे टिकाऊ रूप मांडले आणि १९७६ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिन येथे पॉपोविच व मॉनक्रीफ यांनी दिवसभर चालणारी ही पद्धत सुचवली.

घाण काढणे हे अर्धेच काम झाले. अंगात साचलेले पाणीही ओढून काढावे लागते. लोणच्याच्या फोडींना मीठ चोळले की पाणी सुटते, तेच तत्त्व इथे मिठाऐवजी ग्लुकोजने साधतात. पिशव्यांवर १.५, २.५ आणि ४.२५ टक्के असे आकडे असतात. सर्वांत सौम्य पिशवीतही १०० मिलिलिटरमागे सुमारे १३६० मिलिग्रॅम ग्लुकोज असते आणि कडक पिशवीत सुमारे ३८६०. निरोगी माणसाच्या रक्तात उपाशीपोटी हा आकडा शंभराच्या आत असतो. म्हणजे पंधरापट ते चाळीसपट साखर त्या नाजूक अस्तराला रोज लागत राहते.

आता हा द्रव कारखान्यात कसा तयार होतो ते पाहू, कारण खरी गोम तिथेच आहे. पोटात सोडायचा द्रव पूर्ण निर्जंतुक हवा. त्यासाठी तो पिशवीसकट १२१ अंश सेल्सिअसच्या आसपास तापवतात. साखरेचा पाक करणाऱ्याला ठाऊक असते की आच लागली की साखर आधी पिवळी, मग तपकिरी होते. द्रव आम्लधर्मी ठेवला तर ही मोडतोड कमी होते. म्हणून जुन्या पद्धतीच्या द्रवाचा सामू साडेपाचच्या आसपास ठेवतात, तर रक्ताचा असतो ७.४. हा फरक दिसायला दोनाचा, पण सामूची मोजपट्टी दहाच्या पटीत चालते, तेव्हा आम्लता जवळजवळ शंभरपट होते. रक्तातली आम्लता सांभाळणारे नैसर्गिक द्रव्य बायकार्बोनेट. ते घालावे, तर कॅल्शियमशी त्याची गाठ पडून साका बसतो, जड पाण्याच्या भांड्याला बसतो तसा. म्हणून त्याच्या जागी लॅक्टेट आले. थोडक्यात, हा द्रव आधी कारखान्याला आणि गोदामाला मानवेल असा बेतला गेला. पोटाचा विचार मागाहून झाला. त्यात कुणाचा दुष्टावा नव्हता. निर्जंतुक नसलेल्या द्रवाने माणूस काही दिवसांत दगावू शकतो. साखरेने होणारे नुकसान कळायला वर्षे लागतात.

पोटात गेलेली आम्लता तशी टिकत नाही. अर्ध्या तासाच्या आत रक्तातले बायकार्बोनेट ती बरीचशी मारते. तरीही द्रव आत जाताना काही रुग्णांच्या पोटात जी कळ येते, तिचे एक कारण हीच आम्लता. अधिक चिवट प्रश्न तापवलेल्या साखरेचा आहे. स्वीडनमधले अँडर्स विसलँडर आणि सहकारी यांनी १९९१ मध्ये प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर हे द्रव तपासले. उष्णतेने निर्जंतुक केलेल्या द्रवाने पेशींची वाढ खुंटली. उष्णता न देता बारीक गाळणीतून निर्जंतुक केलेल्या द्रवाने तसे नुकसान झाले नाही. दोष तापवताना तयार होणाऱ्या पदार्थांत होता : मिथाइलग्लायॉक्झल, फॉर्माल्डिहाइड आणि पुढे सर्वांत घातक ठरलेला ३,४-डीजीई नावाचा पदार्थ. हे पदार्थ प्रथिनांना चिकटतात. भाजताना पाव तपकिरी होतो तो याच जातीच्या रासायनिक क्रियेमुळे, आणि मधुमेहींची एचबीए१सी ही तपासणीही साखर हिमोग्लोबिनला चिकटण्यावरच आधारलेली आहे.

याचा अस्तरावर काय परिणाम होतो? कार्डिफच्या संशोधकांनी २००२ मध्ये अनेक रुग्णांच्या उदरावरणाचे तुकडे तपासले. पेशींच्या थराखालचा तंतुमय पट्टा निरोगी माणसांत ५० मायक्रॉन होता, तर पोटाच्या डायलिसिसवर असलेल्यांत २७०. वर्षे वाढली तशी जाडी वाढलेली दिसली. पण त्याच अभ्यासातला आणखी एक आकडा आहे. मूत्रपिंडे निकामी झालेली, पण डायलिसिस सुरू न झालेली जी माणसे होती, त्यांच्यातही तो १४० होता. म्हणजे आजार स्वतःही अस्तर जाड करतो. सगळे खापर द्रवावर फोडणाऱ्यांनी हा आकडा डोळ्याआड करू नये.

जाडीपेक्षा मला महत्त्वाच्या वाटतात त्या अस्तरात फुटणाऱ्या नव्या रक्तवाहिन्या. वाहिन्या वाढल्या की पोटातली साखर रक्तात भराभर शोषली जाते, ओढ संपते आणि पाणी निघेनासे होते. मग कडक पिशवी वापरावी लागते. त्यात साखर आणखी जास्त, तेव्हा अस्तराला इजाही आणखी.

यावर निघालेला तोडगा साधा आहे. पिशवीला दोन कप्पे करायचे. एकात ग्लुकोज, सामू तीनच्या आसपास, कारण तिथे तापवल्यावर ते सर्वांत कमी मोडते. दुसऱ्यात लॅक्टेट किंवा बायकार्बोनेट. वापरण्याआधी मधली शिवण दाबून उघडायची की दोन्ही मिसळून रक्ताच्या जवळपासच्या सामूचा द्रव तयार होतो.

मग सारे सुरळीत झाले का? ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि सिंगापूरमधल्या १८५ रुग्णांवरची 'बॅलान्झ' चाचणी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. मूत्रपिंडांचे उरलेसुरले काम किती वेगाने घटते, हा तिचा मुख्य प्रश्न होता. त्यात दोन गटांत ठोस फरक निघाला नाही. मात्र नव्या द्रवावरच्या रुग्णांची लघवी बंद व्हायला जास्त काळ लागला आणि पोटातला जंतुसंसर्गही कमी झाला. पुढे २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यात ४२ चाचण्या एकत्र पाहिल्या, तेव्हा लघवी आणि मूत्रपिंडांचे उरलेले काम टिकते हे पक्के झाले. संसर्गाबद्दलचा निष्कर्ष अनिश्चित राहिला आणि आयुष्य वाढते असे म्हणण्याइतका पुरावा मिळाला नाही. दिवसाला अर्धा लिटर लघवी होत असेल तर खाण्यापिण्याची बंधने किती सैल होतात, हे रुग्णाच्या घरच्यांना विचारावे. तेव्हा हा फायदा लहान नाही. एक शंका मात्र उरते. बॅलान्झमध्ये नव्या द्रवाने पहिल्या काही महिन्यांत पाणी कमी ओढले होते. अंगात थोडे जास्त पाणी राहिल्यामुळेच लघवी टिकली, असेही असू शकते.

साखरेलाच पर्याय म्हणून आयकोडेक्स्ट्रिन आले. स्टार्चपासून काढलेली ही ग्लुकोजची लांब साखळी सावकाश शोषली जाते, म्हणून रात्रभराच्या लांब मुक्कामाला उपयोगी पडते. मधुमेही रुग्णांनी तिच्याबाबत एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. तिच्यापासून रक्तात माल्टोज तयार होते आणि जीडीएच-पीक्यूक्यू पद्धतीचे ग्लुकोमीटर त्यालाच ग्लुकोज समजून खोटा वाढीव आकडा दाखवतात. त्या आकड्यावर इन्सुलिन टोचून परदेशात माणसे दगावलेली आहेत. आपले यंत्र कोणत्या पद्धतीचे आहे ते आधी विचारून घ्यावे.

दोन कप्प्यांची पिशवी महाग पडते, म्हणून आपल्याकडे एका कप्प्याचीच जास्त चालते. ती वापरतानाही दोन गोष्टी हातात असतात. पापड, लोणचे, फरसाण कमी झाले की तहान कमी लागते, अंगात पाणी कमी साचते आणि कडक पिशवीची गरज कमी वेळा पडते. दुसरी गोष्ट साठवणीची. महिन्याभराचे खोके घरात कुठे ठेवायचे हा प्रश्न प्रत्येक कुटुंबाला पडतो आणि उत्तर बहुधा पोटमाळा किंवा पत्र्याची खोली असे निघते. स्वीडनमधल्याच गटाने २००४ मध्ये दाखवून दिले की तापवून तयार झालेल्या द्रवात साठवणीच्या काळात साखर किती बिघडते, हे सर्वांत जास्त तापमानावर ठरते. विदर्भात मे महिन्यात बाहेरच ४५ अंश असतात, तेव्हा पत्र्याखाली किती होत असतील याचा अंदाज करावा. खोके घरातल्या सर्वांत थंड खोलीत, जमिनीपासून थोडे उंचावर ठेवावेत आणि खोक्यावर छापलेली तापमानाची मर्यादा एकदा वाचून घ्यावी.