चष्मेवाला

चष्मेवाला : पक्षिवर्गाच्या पॅसेरिफॉर्मीस गणातील झोस्टेरोपिडी कुलातला लहान वृक्षवासी पक्षी. शास्त्रीय नाव झोस्टेरॉप्स पाल्पेब्रोसस. भारतात तो बहुतेक सर्वत्र, मुख्यतः वृक्षाच्छादित प्रदेशांत आढळतो. विदर्भात गाविलगडच्या डोंगररांगेत, विशेषतः मेळघाटात, तो नेहमीचा आहे. कपाशीच्या उघड्या रानात मात्र त्याला शोधू नये. सलग झाडोरा ही त्याची पहिली गरज होय.

तो चिमणीहून लहान, सु. १० सेंमी. लांबीचा असतो. पाठ पिवळसर हिरवी, गळा व शेपटीखालचा भाग पिवळा, पोट करडे पांढरे. चोच काळसर, अणकुचीदार व किंचित बाकदार असते. डोळ्याभोवतीचे पांढरे कडे बारीक पिसांचे असून पुढच्या बाजूस ते खंडित असते. नर व मादी सारखीच दिसतात.

हिरव्या पानांत हिरवा पक्षी हरवतो, म्हणून ओळखण्यात गफलत होते. हिवाळ्यात येणाऱ्या पर्णवटवट्यांच्या डोळ्यावर लांबट भुवई असते, कडे नसते. सुभग पक्ष्याच्या पंखांवर पांढरे पट्टे असतात. शिंजिराच्या मादीची चोच बरीच लांब व बाकदार असते. नवख्याने रंगाच्या छटांवर विसंबू नये, कडे पाहावे.

विणीचा हंगाम सोडल्यास हे पक्षी थव्याने हिंडतात व क्षीण, किणकिणता आवाज करीत एकमेकांशी संपर्क राखतात. विणीच्या काळात नराचे गाणे जेमतेम ऐकू येण्याइतके हळू सुरू होते, चढत जाते व पुन्हा विरते. घरटे दुबेळक्यात झोळीसारखे टांगलेले, कोळिष्टकांनी बांधलेली लहानशी वाटीच असते. अंडी बहुधा दोन, फिकट निळी असतात. उबविणे व पिलांना भरविणे ही कामे नर-मादी दोघेही करतात.

कीटक, रसाळ फळे व मध हे याचे अन्न. जिभेचे टोक कुंचल्यासारखे असल्याने काटेसावर, पांगारा यांच्या फुलांतील मध त्याला टिपता येतो. त्यात परागणही घडते. परंतु तो घाणेरीची फळेही खातो. तिचे बी पक्ष्यांच्या विष्ठेतून पसरते आणि मेळघाटातील देशी झुडुपांची जागा घाणेरी घेते. तेव्हा त्याला निव्वळ उपकारक ठरविणे बरोबर नाही. दोष अर्थात पक्ष्याचा नसून परदेशी झुडूप आणणाऱ्या माणसाचा आहे.

याच प्रजातीतील जाती आफ्रिकेच्या विरळ वनांतही आहेत. तेथील झोस्टेरॉप्स सेनेगालेन्सिस आपल्या चष्मेवाल्यापेक्षा अधिक पिवळा असून त्याचे पोटही पिवळे असते. आफ्रिका, आशिया व महासागरांतील बेटे मिळून या प्रजातीच्या अनेक जाती झाल्या आहेत. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या जननिक संशोधनानुसार हा सारा विस्तार सु. वीस लाख वर्षांच्या आतला, म्हणजे पक्ष्यांच्या इतिहासात फारच अलीकडचा आहे. त्यामुळे जातींच्या सीमा ठरविणे अवघड जाते; पूर्वी एकच मानलेल्या आशियाई जातीचेही अलीकडे विभाजन झाले. मात्र पाल्पेब्रोसस हे नाव भारतीय पक्ष्याकडेच राहिले आहे.