बृहन्मुंबईचा जमाखर्च

मुंबई महानगरपालिकेचे अंदाजपत्रक 5 फेब्रुवारीपर्यंत स्थायी समितीपुढे आलेच पाहिजे, असा 1888 च्या अधिनियमाचा दंडक आहे. आणि राज्यकर्ते बदलले, शहर बेट ओलांडून उपनगरांत पसरले, रकमा लाखांतून हजारो कोटींत गेल्या, तरी हा शिरस्ता फारसा ढळलेला नाही. आयुक्तांनी अंदाज मांडावेत, स्थायी समितीने त्यांची छाननी करावी आणि महापालिकेच्या सभेने मंजुरी द्यावी, या क्रमामागे केवळ दप्तराची सोय नाही. एका खर्चिक अधिकाऱ्याची आणि त्याच्यामुळे उठलेल्या वादळाची पूर्वपीठिका त्याला आहे.

आर्थर क्रॉफर्ड हा 1865 च्या कायद्यानुसार नेमलेला शहराचा पहिला म्युनिसिपल कमिशनर. रस्ते, गटारे आणि पुढे त्याच्याच नावाने ओळखली गेलेली मंडई यांवर त्याने असा सढळ हात चालविला, की 1871 साली करदाते खवळून उठले. शहराचा कायापालट झाला, हे कोणी फारसे नाकारीत नव्हते. पैसा कोणाच्या संमतीने खर्ची पडला, हा वाद होता. त्या गदारोळात तरुण फिरोजशहा मेहतांनी लोकमताविरुद्ध क्रॉफर्डची बाजू घेतली, हे मला त्यांच्या चरित्रातील सर्वांत निर्भय कृत्यांपैकी एक वाटते. कारभार एकाच जबाबदार अधिकाऱ्याच्या हाती असणे इष्ट, मात्र त्याच्यावर लोकनियुक्त सभेचा अंकुश हवा, असे त्यांचे प्रतिपादन होते. 1872 च्या कायद्याने 64 सभासदांची कॉर्पोरेशन आणि हिशेबावर नजर ठेवणारी 12 जणांची टाउन कौन्सिल निर्माण केली. तीच 1888 मध्ये स्थायी समिती झाली.

या अंदाजपत्रकाची रचना नवख्याला चकवणारी आहे, कारण ते एक नसून अनेक आहे. ‘अ’ मध्ये सर्वसाधारण कारभार, ‘इ’ मध्ये शिक्षण, ‘ग’ मध्ये पाणीपुरवठा व मलनिःसारण. बेस्टचे अंदाजपत्रक तर ऑक्टोबरातच वेगळे मांडले जाते. यांपैकी ‘ग’ ची तटबंदी विशेष विचारपूर्वक घातलेली आहे. 1892 चा तानसा, 1957 चे मोडकसागर, 2014 चे मध्य वैतरणा, असा जो जलाशयांचा विस्तार झाला, त्यातील प्रत्येक धरणावर नळाला पाणी येण्याच्या कित्येक वर्षे आधीपासून खर्च करावा लागला. पाणीपट्टीचा पैसा रस्त्यांकडे वळू लागला, तर अशी दीर्घ मुदतीची कामे कोणत्या भरवशावर हाती घ्यावीत?

जमेच्या बाजूची कहाणी अलीकडे पालटली आहे. शहराचा मोठा आधार जकात होता. 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर आला आणि नाके ओस पडले. त्याच महिन्यात राज्य सरकारने भरपाईपोटी 647 कोटींचा पहिला धनादेश पालिकेस दिला. ही रक्कम दरसाल आठ टक्क्यांनी वाढावी, अशी तरतूद आहे. उत्पन्न निश्चित झाले हे खरे. परंतु स्वतःच्या वेशीवर स्वतः वसूल केलेला पैसा आणि मंत्रालयातून येणारा हप्ता यांत स्वायत्ततेच्या दृष्टीने केवढे अंतर आहे!

त्याच वर्षी मार्चमध्ये आयुक्त अजोय मेहता यांनी अंदाजपत्रकाचा आकार 37,052 कोटींवरून 25,141 कोटींवर आणला. वर्षानुवर्षे भांडवली कामांच्या तरतुदी फुगवून दाखवायच्या, निविदा रेंगाळल्या, परवानग्या अडल्या की रक्कम अखर्चित ठेवायची आणि पुढल्या साली तीच पुन्हा छापायची, ही जी वहिवाट पडली होती, तिला या कपातीने तडा गेला. टीका पुष्कळ झाली. माझ्या मते मात्र तो कागद प्रामाणिक होता.

मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि 1872 पासूनचा अंकुशच काही काळ नाहीसा झाला. 2023 साली अतिरिक्त आयुक्तांनी अंदाजपत्रक सादर केले ते आयुक्तांना, आणि आयुक्तांनी प्रशासक या नात्याने ते स्वीकारले. फिरोजशहा मेहतांनी योजिलेल्या व्यवस्थेतील दोन्ही पक्ष एकाच कचेरीत येऊन बसले होते.

2025-26 चे अंदाजपत्रक 74,427 कोटींचे होते आणि त्यातील 43,162 कोटी भांडवली कामांसाठी राखलेले होते. वर्तमानपत्रांचे मथळे या आकड्यांवरच थांबतात. त्यांपैकी किती रक्कम खरोखर कामी लागेल, याचा सुगावा पुढील फेब्रुवारीच्या पुस्तकात, सुधारित अंदाजाच्या रकान्यात लागतो, आणि जाणता वाचक पहिल्याने तोच रकाना उघडतो.