फोम ड्रेसिंगची प्रयोगशाळा चाचणी

फोम ड्रेसिंगची प्रयोगशाळा चाचणी म्हणजे जखमेवर लावल्या जाणाऱ्या स्पंजासारख्या सच्छिद्र पट्टीची द्रव शोषण्याची, धरून ठेवण्याची आणि बाष्परूपाने बाहेर सोडण्याची क्षमता ठरावीक परिस्थितीत मोजण्याची प्रक्रिया होय. अशा पट्ट्या बहुधा पॉलियुरेथेनपासून बनवतात.

पार्श्वभूमी
जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्ये डुकरांवरील प्रयोगांतून असे दाखवले की, उघड्या ठेवलेल्या उथळ जखमेपेक्षा ओलसर राहिलेल्या जखमेवर नवी त्वचा लवकर येते. मात्र स्राव साचून राहिल्यास भोवतालची निरोगी त्वचा भिजून कमकुवत होते. हा समतोल पट्टी कितपत राखू शकेल, याचा अंदाज चाचण्यांमधून घेतला जातो.

चाचणी पद्धती
युरोपात यासाठी ईएन १३७२६ हे मानक वापरले जाते. मानवी स्रावाऐवजी सोडियम व कॅल्शियम क्लोराइडचे द्रावण घेतात. त्यात प्रतिलिटर १४२ मिलिमोल सोडियम व २.५ मिलिमोल कॅल्शियम आयन असतात.

मुक्त शोषण चाचणीत पट्टीचा तुकडा स्वतःच्या वजनाच्या ४० पट द्रावणात ३७ अंश सेल्सियस तापमानाला ३० मिनिटे ठेवतात. नंतर तो ३० सेकंद टांगून निथळवतात व पुन्हा वजन करतात.

द्रव हाताळणी क्षमतेसाठी पॅडिंग्टन कप नावाचे दंडगोलाकार पात्र वापरतात. पात्राचे एक तोंड पट्टीने बंद करून आत २० मिलिलिटर द्रावण ओततात आणि पात्र कोरड्या, उबदार हवेत २४ तास ठेवतात. संपूर्ण पात्राच्या वजनात झालेली घट म्हणजे बाष्पीभवन झालेले पाणी होय. उरलेले द्रावण ओतून टाकल्यावर पट्टीचे जे वजन वाढलेले आढळते, ते शोषण होय. या दोहोंची बेरीज म्हणजे एकूण क्षमता.

पेशींवरील विषारी परिणाम आयएसओ १०९९३ मानकमालिकेतील पाचव्या भागानुसार तपासला जातो.

निष्कर्षांचा अर्थ व मर्यादा
केवळ एकूण आकडा दिशाभूल करू शकतो. समजा, एका पट्टीने ४ ग्रॅम द्रव शोषून ८ ग्रॅम बाहेर सोडला आणि दुसरीने ९ ग्रॅम शोषून ३ ग्रॅम सोडला. दोन्हींची बेरीज १२ ग्रॅमच येते. मात्र पायावरील शिरांच्या व्रणात पट्टीवर दाब देणारे बँडेज गुंडाळले जाते. त्याखाली हवा कमी खेळत असल्याने बाष्पीभवनावर अवलंबून असलेली पहिली पट्टी लवकर भरू शकते. दुसरीतील साठलेला द्रवही दाबामुळे पिळला जाऊन त्वचेवर परत येऊ शकतो. म्हणून दाबाखालील धारणक्षमता स्वतंत्रपणे मोजणे आवश्यक ठरते.

चाचणीचे द्रावण पाण्यासारखे पातळ असते. प्रत्यक्ष स्रावात प्रथिने व मृत पेशी असल्याने तो दाट असतो आणि पट्टीची छिद्रे बुजवू शकतो. त्यामुळे या चाचण्या पट्ट्यांची परस्पर तुलना करण्यास उपयुक्त असल्या, तरी एखाद्या रुग्णाची जखम किती दिवसांत भरेल हे त्यांवरून सांगता येत नाही.