किनाऱ्यावरचा 'ऱ्या' वेबपानावर नेताना

रत्नागिरीत १८२८ सालापासून नगर वाचनालय आहे. घरोघरी, संस्थांमध्ये स्मरणिका आणि अहवालांचे गठ्ठे आहेत. हे साहित्य वेबपानावर यायलाच हवं. पण वर्डची फाइल 'सेव्ह अ‍ॅज वेब पेज' केली की काम संपत नाही.

आधी फॉन्ट तपासा. युनिकोडपूर्व मराठी फॉन्टमध्ये अक्षर रोमन अक्षराच्या जागेवर साठवलेलं असतं. तो फॉन्ट नसलेल्या मोबाइलवर नुसता गिचमिडा दिसतो आणि गूगललाही त्यात मराठी सापडत नाही. म्हणून मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलायचा. बदलल्यावर 'किनाऱ्यावर'सारखे शब्द डोळ्यांनी वाचून घ्या. 'ऱ्या'साठी नुक्त्याचा 'ऱ' लागतो. रूपांतरात तो साधा 'र' झाला तर 'किनार्यावर' उमटतं आणि शोधणाऱ्याला तो शब्द मिळत नाही. कोकणावरच्या मजकुरात तर हा शब्द पानोपानी येतो!

मग सेव्ह करताना 'वेब पेज, फिल्टर्ड' निवडा, म्हणजे वर्डचा जास्तीचा कोड गळतो. वेब ऑप्शन्समध्ये एन्कोडिंग यूटीएफ-८ ठेवा. त्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. ब्राउझरने ते दुसऱ्या पद्धतीने वाचलं तर एका अक्षराच्या जागी रोमन चिन्हांची रांग लागते.

सगळ्यात दुर्लक्षित सेटिंग म्हणजे पानाची भाषा. तिथे 'एमआर' हा मराठीचा संकेत रोमन लिपीत लिहिला, तर तशी सोय असलेले फॉन्ट 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे न दाखवता आपल्या वळणाचे दाखवतात.