डिकीत स्टेपनीच नव्हती!

चाळिशी उलटल्यावर मी गाडी चालवायला शिकले, तेव्हा आमच्या बार्शीतल्या गल्लीत जेवढं कौतुक झालं तेवढीच थट्टाही झाली. 'वाटेत पंक्चर झालं तर काय करशील?' हा आमच्या ह्यांचा ठरलेला प्रश्न. 'स्टेपनी आहे की!' हे माझं ठरलेलं उत्तर.

गेल्या हिवाळ्यात शेजारच्या काकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन सोलापूरला ठरलं. सकाळी दहाला पोहोचायचं होतं. काकू, आमच्या बचत गटातली त्यांची सून आणि मी, अशा तिघी सातलाच निघालो. वैराग मागं टाकलं आणि चार-पाच किलोमीटरवर स्टिअरिंग डावीकडे ओढायला लागलं. पाठोपाठ फडफड आवाज. करकचून ब्रेक न मारता वेग कमी केला, गाडी रस्त्याच्या पूर्ण कडेला घेतली, चारही इंडिकेटर लावले. पुढचं डावं चाक पार बसलं होतं.

डिकी उघडली. गॅसची टाकी होती, जॅक होता, पाना होता. स्टेपनी मात्र नव्हती! गाडी जुनी घेतलेली. आधीच्या मालकानं सीएनजीची टाकी बसवताना ती काढून ठेवली असणार. भाजीवाल्याकडची कोथिंबिरीची जुडी उलटसुलट करून घेणारी मी, पण चार महिन्यांत डिकीतला गालिचा एकदाही उचलून पाहिला नव्हता.

काकूंचा चेहरा उतरला. मग ठरवलं, आधी माणसं, गाडीचं नंतर. सोलापूरची एसटी येताना दिसली, हात केला. ड्रायव्हर दादांनी थांबवली आणि दोघी सासूसुना वेळेत मार्गी लागल्या.

आता मी एकटी. ह्यांचा फोन आला, 'गाडीत बसून राहा, मी येतो.' क्षणभर बरं वाटलं. पण मनात आलं, आज ह्यांची वाट पाहत बसले, तर उद्या किल्ली खुंटीवरच राहणार.

मागं पन्नास पावलांवर लाल त्रिकोण ठेवला, मागच्या चाकाला दगड लावला. एक दूधवाले दादा थांबले. टायरमध्ये घुसलेला खिळा पाहून पक्कड काढायला निघाले, तेवढ्यात त्यांनीच लावून दिलेल्या फोनवर वैरागचा पंक्चरवाला ओरडला, 'ताई, खिळा उपटू नका! आहे ती हवाही जाईल. आणि बसलेल्या चाकावर गाडी ओढू नका, टायर फाटेल, रिम वाकेल.' अर्ध्या तासात तो मोटारसायकलवर पंप घेऊन आला. चाक न काढताच सुईनं भोकात रबराची पट्टी भरली, हवा भरली, थुंकी लावून बुडबुडा येतो का ते पाहिलं. झालं! ह्यांना फोन करून सांगितलं, 'येऊ नका, मी निघाले.'

नंतर चौकशी केली तेव्हा कळलं, नव्या गाड्यांतही स्टेपनी असेलच असं नाही. ऑक्टोबर २०२० पासूनच्या नियमानुसार ट्यूबलेस टायर, हवेचा दाब कळवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचा संच असलेल्या छोट्या गाड्यांना स्टेपनी नसली तरी चालते. अशा संचात बहुधा टायरमध्ये भरायचं चिकट द्रव्य आणि गाडीच्या सॉकेटवर चालणारा पंप असतो. पण तो चालतो टायरच्या तळाला पडलेल्या बारीक भोकालाच. बाजूची भिंत फाटली असेल तर गाडी उचलून न्यायलाच हवी. द्रव्यावर मुदतीची तारीख असते, ती पाहा. ते भरल्यावर हळू चालवत जवळचं दुकान गाठा आणि 'आत द्रव्य भरलंय' असं पंक्चरवाल्याला सांगा.

राष्ट्रीय महामार्गावर असाल तर मदतीसाठी १०३३, आणि कुठंही जिवाची भीती वाटली तर ११२. आपण नक्की कुठं आहोत ते घरच्या दोघांना तरी कळवा. जागा सुनसान असेल तर गाडी वाहत्या रस्त्यापासून बाजूला घेऊन दारं लावून आत बसा. रहदारीच्या रस्त्यावर मात्र उतरून लांब, कडेला उभं राहणंच बरं.

संध्याकाळी डोळ्यावर पट्टी बांधलेल्या काकूंना घेऊन त्याच रस्त्यानं परत आले. ह्यांनी काही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र डिकीत एक छोटा पंप आणि बाजारातून आणलेली जुनी स्टेपनी दिसली. 'पुढच्या वेळी लागेल तुला,' एवढंच म्हणाले. त्यातलं 'पुढच्या वेळी' मला फार आवडलं.

तेव्हा मैत्रिणींनो, आज दुपारचं आवरलं की पाच मिनिटं काढा आणि आपल्या गाडीची डिकी उघडून बघा. गालिचासुद्धा उचला बरं का!